लिंबोणीखालचा चुना

मी तोंडाळ आहे हे अख्खं बेट जाणतं, तेव्हा ते आधीच सांगून मोकळी होते. त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या वहिनीला तिचं मांजर घालवून द्यायला लावलं. तिला त्याच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

माझा भाऊ झानी ऑक्टोबरात गेला. त्याची बायको स्तामाता आणि मी एकाच अंगणाच्या दोन टोकांना राहतो, मध्ये लिंबोणी. दादा गेल्यापासून वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण काही नव्हतं, तिचं बोलणंच आटलं होतं. बोलायची ती फक्त त्सिरोशी. वाळवलेल्या बांगड्यासारखा किडकिडीत म्हणून दादानंच त्याला वाळक्या मासळीचं ते नाव ठेवलं होतं. दादाला त्या बोक्याचं भारी कौतुक. त्सिरो लिंबोणीच्या आळ्यात खड्डा करायचा, उरकलं की माती ओढायचा, हुंगायचा, पुन्हा ओढायचा. आमच्या पाद्र्यापेक्षा नीटनेटका आहे, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

ईस्टर आला की आमच्याकडे भिंती, पायऱ्या, फरशांच्या सांधी, झाडांची खोडं, सगळ्याला चुना फासतात. ते काम दादाचं. तो चुना महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचा आणि उरलेल्यावर फळी टाकून वर धोंडा ठेवायचा. या वर्षी मीच खडे आणले, पाणी ओतलं आणि ते रटरटून निवतंय न निवतंय तोच कुंचा घेऊन सुटले. दादा नाही म्हणून अंगण काळं दिसायला नको, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळपर्यंत बोटं भाजून सोलवटली. उरलेला अर्धी बादली चुना मी आळ्यात ओतला. म्हटलं, गोगलगायी तरी मरतील. नको तिथे शहाणपण!

मंगळवारी सकाळी माझ्या पांढऱ्याशुभ्र पायरीवर त्सिरोची घाण. उघडी. बुधवारी अंगणाच्या मधोमध. झाकायचा प्रयत्नसुद्धा नाही. शेजारची अनेझिना कुंपणावरून बघत होती. तिनं मोठ्या जाणकारीनं सांगितलं की मांजर झाकत नाही तेव्हा ते बजावत असतं, ही जागा माझी आहे. दबून राहणारं मांजर झाकतं, धनी झालेलं झाकत नाही.

ते माझ्या वर्मी लागलं. मला वाटलं, वहिनी रोज संध्याकाळी त्या बोक्याच्या कानात काय सांगत असते? की हे अंगण माझ्या नवऱ्याचं? आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी तरातरा तिच्या दारात गेले.

"वहिनी, ईस्टरला हे मांजर मला इथे दिसता कामा नये. दिसलं तर मग मला बोल लावू नकोस."

आमच्या बेटावर याचा अर्थ पोरंसुद्धा जाणतात. दर वसंतात दोनचार मांजरं भिंतीकडेला ताठ होऊन पडलेली सापडतात. मी विष घातलं नसतं. पण तिला ते कसं कळावं?

"तो मुद्दाम नाही करत, वन्सं," ती म्हणाली. सहा महिन्यांत माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. मी ते कानाआड केलं आणि माघारी वळले.

गुरुवारी मी ईस्टरची लाल अंडी रंगवत होते तेव्हा तिनं त्सिरोला टोपलीत घातलं आणि पलीकडच्या बंदरात निघालेल्या याकूमी कोळ्याच्या हवाली केलं. टोपलीवर दादाचा स्वेटर होता. मी खिडकीतून सगळं पाहिलं आणि अंडी ढवळत राहिले.

शुक्रवारी सकाळपासून चर्चच्या घंटा दुःखाच्या चालीवर वाजत होत्या. अनेझिना चर्चमधल्या ख्रिस्ताच्या तिरडीसाठी फुलं मागायला आली. अंगणात कालचं रंगाचं पातेलं तसंच पडलेलं, त्यावर माशा.

"काय गं मारूसा," ती म्हणाली, "आता तूही उघड्यावर टाकून मालकी दाखवायला लागलीस होय?"

"हात भाजलेत माझे चुन्यानं," मी फणकारले. "कशाला लावले की जीव जातो. घासू कशानं?"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. आळ्याकडे गेले, गुडघे टेकले. चुन्याच्या पापुद्र्यात पंजानं खरवडल्याच्या दोनच रेघा होत्या, अर्धवट सोडलेल्या. तिथून पावलं पायरीपर्यंत आली होती आणि कडेच्या फरशीवर वाळलेल्या रक्ताचे तपकिरी डाग होते. तो बिचारा पायरीवर आला, कारण तिथे माती नव्हती. खणायचंच नको. मला रडू कोसळलं. अनेझिनासमोर, भर सकाळी.

पलीकडच्या बंदरात चालत जायला दोन तास लागतात, माझ्या गुडघ्यांना तीन लागले. धक्क्यावरच्या मांजरांची टोळी किती भांडखोर, ते सांगायलाच नको. त्सिरो उलट्या घातलेल्या होडीखाली सापडला, एक कान फाटलेला, पंजे चाटून चाटून लाल. मी हात घातला तर मला बोचकारायलाही त्याला पंजा उचलवेना. अंगावरच्या शालीत गुंडाळून आणला.

वहिनी दारातच उभी होती. मी सांगितलं, "चुना मी ओतला होता. माझी चूक. याची नाही, तुझी नाही." तिनं त्याचे पंजे पाहिले, मग माझे हात. पंजे धुऊन ऑलिव्हचं तेल लावलं आणि तेलाची बाटली माझ्या खिडकीत ठेवून दार लावून घेतलं.

पंजे महिनाभरात भरले. मी आळं हातभर खणून टेकडीवरची ताजी माती घातली, पण तो त्यात पाऊल टाकत नाही. फरशीवरच बसतो, उरकतो आणि न झाकता निघून जातो. त्याला मी कशी समजावू? म्हणून रोज सकाळी मीच खुरपं आणि मातीची बादली घेऊन निघते आणि त्याच्याऐवजी झाकते. अनेझिना हसते, हसू दे.

नेमकी जागा मला चटकन सापडत नाही. मग समोरची खिडकी उघडते.

"वन्सं, आज पायरीमागे."

एवढंच. पण रोज बोलते.