पिंपात बुडालेली नळी

दादाच्या रोपवाटिकेत शिरताच धाकटीला दिसली ती नळी. तिचं एक टोक विहिरीवरच्या पंपाला जोडलेलं होतं, दुसरं औषध कालवायच्या पिंपात बुडालेलं. आणि पंप बंद केल्यावर पिंपातलं दुधाळ औषध, कुणी गुपचूप पीत असावं तसं कमी होत, विहिरीत परत चाललं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या धाकटीने असले प्रकार ऐकले होते, सख्ख्या भावाच्या घरी पाहिले नव्हते. तिने नळी उपसून काढली आणि विहिरीचं पाणी तपासायला नेलं.

निकाल घेऊन आली ती भांडायच्या तयारीनेच. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा दादा सहजी ऐकणार नव्हता.

"विहिरीत फवारणीचं औषध उतरलंय, दादा. बाळाचं पावडरीचं दूधही त्यातच कालवता ना?"

"हो. मग नको वापरायला."

"बस्स? एवढंच?"

"अजून काय म्हणू?" दादा हसला. "तू सांगशील तसं."

वहिनीने गॅसवरचं उकळतं पातेलं उचललं. ना फडकं, ना सांडशी. "वन्सं, तुमचं लग्न एखाद्या विहिरीशीच लावून द्यायला हवं," असं म्हणत तिने ते सावकाश खाली ठेवलं. तिचे तळवे लालबुंद झाले होते.

"वहिनी, हात भाजले!"

दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वहिनीने ते निरखले. "खरंच की."

पाळण्यात बाळ जागं होतं. दुपटं ओलं, दुधाची वेळ टळलेली, तरी ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होतं.

"फार गुणाचं आहे," वहिनी म्हणाली. "घरी आणल्यापासून रडलं म्हणून नाही."

धाकटी रजा टाकून राहिली. घरात सगळ्यांना प्यायला बाहेरून पाण्याचे कॅन आणू लागली, बाळाचं दूधही त्यातच स्वतः कालवू लागली. दादा-वहिनीने विरोध केला नाही, मदतही केली नाही. ती चिडायची, ओरडायची, आणि ती दोघं भिंतीवरचं घड्याळ ऐकावं तसं ऐकून घ्यायची.

आणि एका सकाळी बाळ रडलं. धाकटीचे डोळे भरून आले.

पण ते थांबेना. आजवरचं सगळं राहिलेलं रडणं एकदम वसूल करत असल्यासारखं ते रडत राहिलं. डॉक्टर तपासून गेले, त्यांना काही सापडलं नाही. दुपारी वहिनी तळव्यांवर फुंकर मारत कण्हू लागली, दादाने बादली लाथाडली.

"थांबव त्याला!"

"रडू दे, दादा. रडतंय म्हणजे सुधारतंय."

ती त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. ते रडणं तिच्या दातांत, हाडांत उतरत गेलं, आणि मग दुसरं काहीच उरलं नाही.

एकदम शांत झालं.

बाळ तिच्या मांडीवर होतं, डोळे उघडे, छताकडे लागलेले. दादा-वहिनी दारात उभे होते.

"काय दिलंत त्याला?" तिने विचारलं.

"आम्ही?" वहिनी म्हणाली.

स्वयंपाकघरात विहिरीचा नळ अजून वाहत होता, शेजारी तिचा अर्धा प्यायलेला पेला होता. धाकटीने खाली पाहिलं. दुधाची बाटली तिच्याच हातात होती, आणि ती गरम आहे की गार, हे तिला कळत नव्हतं.