सासूबाईंच्या नावाची नळी

तिने रक्ताची नळी लॅबच्या मशीनमध्ये ठेवली, झाकण लावलं आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून आधी घड्याळाकडेच बघितलं. अठरा मिनिटं.

नळीवर लेबल सासूबाईंचं होतं, रक्त तिचं. गेल्या वर्षी दिवस गेले आणि आठव्या आठवड्यात सगळं संपलं, तेव्हा बातमी आधीच गावभर झालेली. मग पंधरा दिवस फोनवर प्रत्येकीला तेच ते सांगताना जीव नकोसा झाला होता. या खेपेला नवऱ्याखेरीज कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, लॅबमध्ये तर नाहीच नाही. सासूबाईंची साखर इथेच तपासली जायची, त्यामुळे नोंद तयार होती. सोमवारी तिने त्याच नोंदीवर स्वतःचं रक्त लावलं. गर्भाच्या हार्मोनचा आकडा आला एकशे ऐंशी. दोन दिवसांत, म्हणजे आज, तो दुप्पट व्हायला हवा. नाही झाला तर घाबरून जायचं नाही, असं ती रोज कुणाकुणाला समजावत असे. स्वतःला समजावणं तेवढं जमत नव्हतं.

"अरे, हे काय भलतंच?"

पलीकडच्या टेबलावर मॅडम होत्या, लॅबच्या मुख्य डॉक्टर. सोमवारी त्या रजेवर होत्या, आज मागचे रिपोर्ट चाळत होत्या.

"वय बासष्ट, आणि हा हार्मोन?"

इतकी वर्षं इथे काढली आणि वयाचं ध्यानातच आलं नाही! या वयात हा हार्मोन म्हणजे गाठीची शंका, आणि शंका आली की पेशंटला लगेच फोन. तो नियम भिंतीवर तिनेच चिकटवला होता.

मॅडमनी फोन लावलासुद्धा.

"आजी, सोमवारी आमच्याकडे रक्त तुम्हीच दिलं होतं ना?"

पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागला. मॅडमनी त्यांना लगेच यायला सांगून फोन ठेवला.

"मीच दिलं म्हणाल्या. निघाल्यात."

मशीनवर अजून अकरा मिनिटं होती.

सासूबाई आल्या त्या घरातल्याच चपला घालून, धापा टाकत. सुनेकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि थेट मॅडमसमोर जाऊन बसल्या.

"आजी, घाबरू नका, पण पोटाची तपासणी करावी लागेल. कधी कधी गाठ..."

"करा की. हव्या तेवढ्या तपासण्या करा."

हे मात्र तिच्याने ऐकवेना.

"मॅडम, रक्त माझं आहे."

मॅडमना कळायला क्षणभर लागला. मग त्या भडकल्या.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुसऱ्याच्या नावावर नमुना? दुसऱ्या कुणी केलं असतं, तर तू त्याला उभं सोललं असतंस!"

"हो मॅडम."

मशीन वाजलं. तिघींपैकी कुणीच हललं नाही. शेवटी तीच उठली.

"दोनशे ऐंशी."

"म्हणजे चांगलं की वाईट?" सासूबाईंनी विचारलं.

"वाढलाय. पण दुप्पट नाही झाला. परवा पुन्हा बघावं लागेल." आता मात्र तिचा बांध फुटला. "आई, मला फार भीती वाटतेय. म्हणून नाही सांगितलं तुम्हाला."

"चार दिवस चहा तोंडाला लावून तसाच ठेवतेस. मला काय डोळे नाहीत?" सासूबाई रागानेच बोलल्या आणि स्वतःच्या रुमालाने तिचं नाक पुसलं.

मॅडम एव्हाना निवळल्या होत्या. त्यांनी सोमवारची नोंद उघडली.

"आजी, हे दुरुस्त करते. तुमचं नाव काढून टाकते."

"आत्ता नको," सासूबाई म्हणाल्या. "परवाचं होईपर्यंत राहू द्या माझ्या नावावर. उपाशीपोटी यायचं का मी?"