आत्याच्या जागी पोतं

काचा बसवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याच गाडीच्या काचेला चिकटवलेली वस्तू टिकू नये, हे बाबांना फार लागलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी घरांना खिडक्या, दुकानांना दर्शनी काचा आणि न्हाणीघरांना आरसे बसवले. त्यातली एकही काच आपणहून खाली आली नव्हती. आणि आता तळहाताएवढं ते रस्ता दाखवणारं यंत्र एक दिवसाआड त्यांच्या पायाशी लोळण घेत होतं आणि तिथून वर बघत म्हणत होतं, "मार्ग पुन्हा शोधत आहे."

यंत्र घ्यावं लागलं ते गावाबाहेरच्या नव्या वसाहतींमुळे. तिथल्या इमारती एकाच साच्यातून काढलेल्या. एकदा तर बाबांनी भलत्याच घरात आरसा बसवला होता, आणि त्या घरच्यांनी चहा पाजून आभारही मानले होते. खोक्यातून यंत्राबरोबर आलेला स्टँड पहिल्याच दिवशी मोडला. दुसरा मिळेपर्यंत यंत्र धरून बसायला कुणीतरी हवं, म्हणून आत्या बसली. दोन दिवसांसाठी. त्याला एक्केचाळीस दिवस झाले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली, तेव्हा स्वयंपाकघर आईच्या ताब्यात होतं, हिशेबबिशेब बाबांकडे, आणि आत्याच्या वाट्याला खिडकीजवळची खुर्ची आणि "ताई, तुम्ही बसा हो" एवढंच उरलं होतं. आत्या बसली. पण बसणं तिला जमत नसे.

गाडीत मात्र तिचं रूप पालटायचं. सकाळी गुडघ्याला बाम चोळून, कडक इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून ती बाबांच्या आधी गाडीपाशी हजर. यंत्र दोन्ही हातांत छातीशी धरायचं आणि त्याचं बोलणं बाबांपर्यंत पोचवायचं, असा तिचा खाक्या. यंत्राला ती 'ज्युनिअर' म्हणत असे.

"आवाज बरा आहे हिचा," ती म्हणायची, "पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. आमच्या वेळी पहिल्याच आठवड्यात घरी पाठवली असती."

ज्युनिअरने सांगितलेलं सगळंच बाबांना कळवायचं, असंही नव्हतं.

"शंभर मीटरवर उजवीकडे वळा," ज्युनिअर म्हणायची.

"सरळ चल रे," आत्या म्हणायची.

"अगं, ती उजवीकडे म्हणतेय!"

"तिला म्हणू दे. तिच्या पाठीमागे काय चार आरसे उभे आहेत? तो रस्ता उखडलाय. परवा आपण आलो तेव्हा माझे दात वाजले होते."

बाबांना हा त्रिकोणी संवाद झेपेना. त्यांना गाडीत रेडिओ ऐकायचा असे. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "ताईला कशाला रोजची दगदग? पक्का स्टँड बसवला की सुटली बिचारी. घरी आराम करेल."

"आराम," आत्या म्हणाली. डॉक्टरांनी उच्चारलेलं एखाद्या दुखण्याचं नाव पुन्हा म्हणून बघावं, तसं तिने म्हटलं.

स्टँडचं काम मोजपट्टीकडे आलं. मोजपट्टी म्हणजे बाबांची लेक. नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, नोकरीचे चार अर्ज टाकून ती घरी बसली होती. दुधात पाणी किती, दार बंद व्हायला वेळ किती, आईच्या "दोन मिनिटांत आले" मधली दोन मिनिटं नक्की किती, हे ती लहानपणापासून मोजत आली होती. नाव आत्यानेच पाडलं होतं. काम मिळताच तिने कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर रकाने आखले: दिनांक, स्टँडचा प्रकार, तापमान, रस्ता, निकाल.

पहिला प्रयोग बाजारात मिळणाऱ्या रबरी चकतीच्या स्टँडचा. समोरची काच स्पिरिटने पुसून, चकती दाबून बसवली. आत्याही बरोबर निघाली. "पडलं तर धरायला कुणी नको का?" ती म्हणाली, आणि जाऊन बसली. अकरा वाजता ते पडलं.

दुसरा प्रयोग हवेच्या जाळीला अडकवायच्या क्लिपचा. पडलं, आणि जाळीची एक पट्टी घेऊन पडलं. तिसरा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. हा टेप बाबा आरशांच्या मागे लावत, त्याची त्यांना खात्री होती. तो दीड दिवस टिकला. मग संध्याकाळी गाडीतून उतरताना आत्याने यंत्र आणि टेपची गुंडाळी मोजपट्टीच्या हातात ठेवली. "सुटलं गं बाई," ती म्हणाली. चेहऱ्यावर इतकं दुःख होतं, की मोजपट्टीलाच तिची समजूत घालावी लागली.

"ताई, तुम्हाला त्रास होतोय हो नाहक," आई म्हणाली.

"काय करणार," आत्या म्हणाली. "सहन करायचं."

चौथ्या वेळी बाबा इरेला पेटले. मोठ्या काचा उचलायला त्यांच्याकडे रबरी वाटी होती: बारा सेंटीमीटर रुंद, वर पकडायला मूठ, आणि बाजूला एक खटका. खटका दाबला की आतली हवा निघते आणि वाटी काचेला अशी धरते, की चाळीस किलोची काच उचलून जिना चढावा. बाबांनी ती वाटी गाडीच्या काचेवर आतून बसवली, तिच्या मुठीला अॅल्युमिनियमच्या पट्टीने यंत्र आवळलं, आणि मूठ धरून सगळी गाडी हलवून दाखवली.

"आता निघालं," ते म्हणाले, "तर मी धंदा सोडतो."

दुपारी ते निघालं.

बाबांनी धंदा सोडला नाही, पण संध्याकाळी अळणी भाजी त्यांनी तशीच खाल्ली. एवढी नाचक्की झाल्यावर माणसाने भाजीत मीठ कमी आहे हेही कुठल्या तोंडाने सांगावं?

मोजपट्टी मात्र खुशीत होती. वहीत तिला एक विचित्र गोष्ट दिसली होती. तिने बाबांना खोदून खोदून विचारलं: खड्ड्यात पडलं? नाही. स्पीडब्रेकरवर? नाही. ब्रेक मारताना? तेव्हाही नाही. दर वेळी बाबा काच पोचवायला गाडीतून उतरले होते आणि परत येऊन बघतात तर यंत्र खाली.

"म्हणजे चालत्या गाडीत ते पडतच नाही," ती म्हणाली. "उभ्या गाडीत पडतं!"

"बघ हं, किती गूढ आहे," आत्या म्हणाली आणि आणखी आमटी वाढून घेतली.

त्या आठवड्यात मोजपट्टीने तीन तर्क लढवले. पहिला, गाडी थांबल्यावर काच तापते. तिने तापमापक बांधला, सावलीतही पडलं. दुसरा, इंजिन बंद होताना बसणारा हिसका. बाबांनी इंजिन चालू ठेवून पाहिलं; तरी पडलं. तिसऱ्या तर्काने तर ती पहाटेच ताडकन उठून बसली. बाबा उतरले की गाडीतलं वजन एकाच बाजूला राहतं! रिकामी बाजू उचलली जाते, समोरची चौकट किंचित पिळते, आणि वाटीच्या कडेखालून हवा शिरते.

"आत्या, तुझं वजन किती?"

"काय गं मोजपट्टे, सकाळी सकाळी बाईमाणसाला वजन विचारतेस?"

"शास्त्रासाठी."

"शास्त्राला सांग, पंचावन्न."

वजनकाट्याने एकसष्ट सांगितलं. मोजपट्टीने बांधकामावरून वाळू आणून एकसष्ट किलोचं पोतं भरलं. बाबांनी आणि तिने ते उचलून आत्याच्या जागी बसवलं आणि सुटू नये म्हणून पट्टा लावला. आत्या दारात उभी राहून पाहत होती. साडी नेसून तयार होती ती, पर्सही काखेत होती.

"फक्त आजच्या दिवस," मोजपट्टी म्हणाली. "तुलना करायला लागते."

"माझी आणि पोत्याची," आत्या म्हणाली. "कर."

बाबा पोत्याला घेऊन गेले. मोजपट्टी घरी थांबली, आणि सगळा दिवस तिच्या डोळ्यांसमोर आत्या होती. आत्याने साडी बदलली नाही. तिने आईचे डबे उंचीप्रमाणे लावले, आईने ते पुन्हा होते तसे लावले. तिने वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. मग ती पर्स मांडीवर घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. दोनदा घड्याळाकडे पाहून हळूच म्हणाली, "आता नव्या वसाहतीच्या वळणावर असेल. तिथे ही नक्की घोटाळा करणार."

बाबा तीन तास उशिरा आले. यंत्र जागच्या जागी होतं, केसभरही हललं नव्हतं. बाबांनी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या, पण ते पायरीवरच बसले.

"ज्युनिअरने बाजाराच्या गल्लीत घातलं," ते म्हणाले. कंटाळलेल्या बाबांच्या तोंडीही हे नाव कधी बसलं होतं, त्यांनाच ठाऊक नव्हतं. "अर्धा तास उलटी गाडी काढली. मग एका रस्त्याने नेलं तिथे चौदा स्पीडब्रेकर. मागे ठेवलेला मोठा आरसा गेला." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "पोतं काही बोललंच नाही गं."

मोजपट्टीने लिहिलं: पोतं, नऊ तास, पडझड शून्य. म्हणजे वजनाचा तर्क फसला. दुसऱ्या दिवशी तुलना पुरी करायला तिने पोत्याच्या जागी आत्याला बसवलं. यंत्र पडलं. संध्याकाळी तिने वाटी हातात घेऊन भिंगातून कडा तपासली. कडेवर तेलकट बोट उमटलं होतं. तिने ती कडा नाकाशी नेली. वास इतका ओळखीचा होता, की वहीत 'वास' असा नवा रकाना आखता आखता तिचा हात थांबला.

गुडघ्याचा बाम.

तिने कपाळावर हात मारून घेतला. तापमापक, पिळलेली चौकट, एकसष्ट किलो वाळू! मग उठून आत्याच्या खोलीत गेली आणि वाटी तिच्यासमोर धरली.

आत्याने चष्मा काढून पुसला. "आधी कडेला बोट फिरवायचं," ती म्हणाली. "मग खटका सोडायचा. नुसत्या खटक्याने वाटी पट्कन सुटत नाही. चांगला माल घेतो तुझा बाप."

"आत्या! मी आठवडाभर तर्क लढवतेय!"

"सुंदर लढवत होतीस. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं." आत्याने चष्मा चढवला. हसू मात्र पुसलं गेलं होतं. "लिही तू. वहीत खोटं लिहायचं नाही. मी त्या खुर्चीत बसेन. सवय होईल."

जेवणं संपत आल्यावर बाबांनी निकाल मागितला. "वाटी की टेप की क्लिप? उद्या कायमचं बसवून टाकू."

मोजपट्टीने वही उघडली. आत्या ताटातल्या शेवटच्या घासाकडे बघत होती.

"चार प्रकारचे स्टँड," मोजपट्टी वाचू लागली. "एकूण नऊ वेळा पडले. चार स्टँडपैकी एकही भरवशाचा म्हणता येणार नाही."

"आणि पोत्याच्या दिवशी टिकलं ते?"

"त्या दिवशी आरसा फुटला. ते वेगळ्या रकान्यात आहे. पण या सगळ्याच्या आधी एक प्रकार आपण वापरत होतो आणि मी तो मोजलाच नव्हता, हे माझं चुकलं." तिने पान उलटलं. "एक्केचाळीस दिवस. यंत्र पडलं, शून्य वेळा. काचा फुटल्या, शून्य. चुकीच्या घरी आरसा, शून्य."

"कुठला प्रकार?"

"आत्याचे हात."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि तरी मोजपट्टीचे कान लाल झाले होते. बाबांनी वही ओढून घेतली, आकडे पाहिले, मग वाटी उचलून तिची कडा पाहिली. काय वाटलं कुणास ठाऊक, ती त्यांनी नाकाशी नेली. सव्वीस वर्षं तीच वाटी हाताळणारा माणूस; तिला कशाचा वास यायला हवा आणि कशाचा नको, हे त्याला कळत होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं.

"मग पर्यायच नाही म्हणायचा," बाबा म्हणाले. "ताई, तुझा आराम गेला."

"काय करणार," आत्या म्हणाली. "सहन करायचं." आणि तो शेवटचा घास तिने तोंडात टाकला.

पोतं अंगणात फुलझाडांच्या कामी आलं. वाटी बाबांनी गाडीच्या दाराजवळच्या गुळगुळीत पत्र्यावर बसवली, आत्याला चढताना धरायला मूठ हवी म्हणून. रोज सकाळी एकसष्ट किलो वजन तिला लटकून वर जातं. मोजपट्टीने त्याचीही नोंद ठेवली आहे: पाच महिने झाले, ती एकदाही निघालेली नाही.