दाराजवळची रांग

मार्गदर्शक मॅडमनी फाइल मिटली आणि टेबलावरून पुढे सरकवली.

"तुमचे सगळेच पाठ यशस्वी झाले?"

"हो, मॅडम."

"मग इथं कशाला आलात? आम्हालाच शिकवा की."

हसावं की वरमावं, तिला कळेना. शिक्षक-प्रशिक्षणाचं शेवटचं सत्र चालू होतं आणि त्यात हा चिंतनात्मक पोर्टफोलिओ द्यायचा होता. पाठांची टाचणं, एका पाठाचं चित्रीकरण, मुलांनी सोडवलेले कागद, आणि या सगळ्यावर स्वतःचं चिंतन. चिंतन तिने झोकात लिहिलं होतं. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य जवळपास प्रत्येक पानावर हजर होतं. समासात मॅडमनी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते : 'ही जाहिरात.'

ती भाषा तिच्या तोंडात बसलेली होती. आधीची बरीच वर्षं ती एका कंपनीच्या तक्रार केंद्रात फोनवर बोलायची. लाइनवर शांतता पसरू द्यायची नाही, हा तिथला पहिला नियम. पुढे कंपनीने बोलणारं यंत्र आणलं आणि माणसांना नारळ दिला. घरात नुसतं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने पोराच्या वयाच्या मुलामुलींबरोबर प्रशिक्षणाला नाव घातलं.

"काय म्हणाल्या मॅडम?" घरी नवऱ्याने विचारलं.

"खोटं लिहिलंय म्हणाल्या. म्हणजे तसं म्हणाल्या नाहीत, पण म्हणाल्याच."

सुट्टीच्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर फोन उभा केला आणि पाठाचं चित्रीकरण लावलं. फोन तिने सरावाच्या शाळेतल्या वर्गात मागच्या कपाटावर ठेवला होता. त्यामुळे मुलांच्या पाठी, पुढे पांढरा चकचकीत फळा आणि फळ्यासमोर फिरणारी ती स्वतः, एवढं दिसत होतं. चौथीचा वर्ग, वजाबाकीचा पाठ, शेवटचा तास.

तिने आवाज वाढवला. ती प्रश्न विचारत होती आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर देत होती. "दोनातून सात जातात का? नाही जात! मग काय करायचं? शेजारून दहा घ्यायचे!" वर्गाच्या वाट्याला फक्त "हो बाई" उरत होतं.

शेजारी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं आणि कानातलं यंत्र त्या पाहुणे आले तरच लावायच्या. एरवी टीव्हीसुद्धा मुका बघायच्या. सोलता सोलता त्यांनी फोनकडे बोट केलं.

"ही पोरगी बघ. दाराजवळची, दोन वेण्यांची. सारखा हात वर करतेय आणि तू बघतसुद्धा नाहीस."

तिने चित्रफीत मागे नेली. खरंच होतं. ती मुलगी हात कपाळापर्यंत न्यायची, जरा थांबायची आणि खाली घ्यायची. पुन्हा थोड्या वेळाने तेच. वर्गात तिला सगळे गप्पू म्हणत, कारण ती सदा गप्पच असायची.

"आई, डोळे आहेत की दुर्बीण तुमची!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

त्याच दुपारी तिने दोन पानं लिहून काढली. हात सरसर चालला. शांततेला घाबरणारी शिक्षिका, तिच्या आवाजाखाली दबलेली एक अबोल मुलगी, आणि अर्ध्यावरून खाली येणारा तो हात. लिहिताना तिचे डोळेही पाणावले. खोटं काही नव्हतं, असं तिला मनापासून वाटत होतं.

मॅडमनी ती पानं उभ्या उभ्या वाचली आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली.

"याला म्हणतात चिंतन," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मी हे सगळ्या तुकडीला वाचून दाखवणार आहे. नमुना म्हणून."

ती हवेत तरंगतच शाळेत गेली. शेवटच्या तासाला वजाबाकी होतीच. आज उत्तरासाठी थांबायचं, असं ठरवून तिने फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि दाराजवळच्या रांगेकडे बघितलं. गप्पूचा हात कपाळाशी गेलेला होता.

"हां, सांग तू."

गप्पू दचकून उभी राहिली. बाई थांबल्या. वर्ग थांबला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. गप्पूचे कान लाल झाले, हनुवटी थरथरायला लागली, तरी बाई आपल्या प्रेमाने हसत वाट बघतच होत्या. शेवटी पोरगी रडायच्या बेताला आली तेव्हा कुठे बाईंनी तिला खाली बसवलं.

शाळा सुटल्यावर तिने गप्पूला थांबवून घेतलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसली.

"तुला काही सांगायचं असतं का गं?"

मान हलली. नाही.

"मग हात वर करतेस ना?"

"हात नाही करत बाई. डोळ्यावर येतं."

"काय येतं?"

गप्पूने फळ्याकडे बोट केलं. दारासमोरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून उतरतं ऊन फळ्यावर पडत होतं आणि खिडकीकडचा बराचसा भाग नुसता पांढरा चमकत होता. तिने स्वतः तिथे उदाहरणं लिहिली होती. या बाकावरून त्यांतलं एक अक्षर दिसत नव्हतं. तिने नकळत कपाळाशी आडवा हात धरला. तरीही दिसेना.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांना तसंच दिसतं असं वाटलं."

घरी येऊन तिने फाइलमधले मुलांचे कागद काढले. दाराजवळच्या रांगेतल्या कागदांवर पहिली काही उदाहरणं सोडलेली किंवा भलतीच उतरवलेली होती. त्याखाली तिच्याच अक्षरात लाल शाईने शेरा : 'लक्ष देऊन लिहावे.' ती कागद घेऊन सासूबाईंकडे गेली.

"आई, ती पोरगी हात वर करत नव्हती. उन्हाला आड धरत होती. तुमच्यामुळे मी दोन पानं लिहून बसले!"

यंत्र लावलेलं नव्हतं, पण सासूबाईंना नेमकं हे ऐकू आलं.

"हात दिसला एवढंच म्हटलं मी. तिला उत्तर येतंय असं कुठं म्हटलं?"

तिने कागद पुन्हा फाइलमध्ये लावले.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली. नमुन्याच्या छापील प्रती टेबलावर तयार होत्या.

"हे वाचू नका, मॅडम. तसं झालेलं नाही."

सगळं ऐकून घेतल्यावर मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही मुलांना बोलू देत नव्हता, हे तर खरं ना? मग बिघडलं कुठं?"

"ते खरं आहे. ते ठेवते मी. पण त्या मुलीचं सगळं मी माझ्या मनाने लिहिलंय. तिला एकदाही न विचारता."

"लेखन सुंदर झालंय हो. परीक्षक काही त्या बाकावर जाऊन बसणार नाहीत."

"मी बसून आलेय ना, मॅडम."

मॅडमनी प्रती गोळा केल्या आणि खणात टाकल्या, जरा जोरातच. "बघा. मार्क तुमचे आहेत."

नवीन चिंतन एका पानात आटोपलं. ऊन कुठून येतं, फळ्याचा कोणता भाग कुठल्या बाकांवरून दिसत नाही, कुणाचे कोणते कागद चुकीचे तपासले गेले. शिवाय आपण मुलांना उत्तर द्यायला वेळ देत नाही, हेही, अलंकार न लावता. मॅडमनी वाचून भुवया उंचावल्या. "हे तर फळ्याबद्दल झालं."

फळा भिंतीत पक्का होता. वर्गशिक्षकांना तिने विचारलं, तर ते गणित सकाळी घ्यायचे. त्यांना हा त्रास कधी दिसलाच नव्हता. "बाक फिरवा हवं तर, पण जाताना पूर्ववत करून जा," ते म्हणाले. शिपाईमामांच्या मदतीने तिने दाराजवळची रांग मधे घेतली. वर्गात दाटी झाली, दोन दिवस कोपराकोपरी आणि भांडणं झाली, मग मुलं सरावली. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षक एका बाकावर बसून बघून गेले आणि जाताना म्हणाले, "राहू द्या असंच." दाराजवळच्या रांगेचे जुने कागद तिने परत दिले, लाल शेरे खोडून. "चूक माझी होती," असंही सांगितलं. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. एकाने फक्त विचारलं, "मग आता मार्क वाढणार का?" तिने वाढवले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइल चाळली आणि त्या एका पानावर थांबले.

"बाक हलवल्यावर सगळ्यांची गणितं बरोबर आली?"

"नाही, सर. काहींची अजून चुकतात. पण आता ती वजाबाकी चुकते म्हणून चुकतात."

परीक्षक हसले आणि त्यांनी पान उलटलं. निकालात ती पास झाली. मार्क बेताचेच पडले. 'मांडणी त्रोटक,' असा शेरा होता. मॅडमनी निकालाचा कागद हातात देताना तो शेरा बोटाने दाखवला, पण मग उठून तिच्याशी हात मिळवला.

शाळेतल्या शेवटच्या दिवशी तिने मुलांना शेवटची उदाहरणं घातली आणि बाकांमधून फिरत राहिली. गप्पूचं पहिलंच उदाहरण चुकलं होतं. ती तिच्याजवळ खाली टेकली.

"हे कसं केलंस, मला सांग बरं."

गप्पूने पेन्सिल आकड्यावर ठेवली. "इथे दोनातून सात जात नाहीत. म्हणून शेजारून दहा घेतले. मग वजाबाकी झाल्यावर त्याचे त्याला परत दिले."

"परत दिले?"

"घेतलेलं परत द्यायचं असतं ना, बाई?"

तिने एक कोरा कागद ओढला, खोडरबर बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "थांब. हे आपण नीट बघू."