चारशे एकतीस

बाबा गेल्यानंतर आठ महिन्यांत आईने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"तो ह्यांचा डास एकदा लाव ना," ती म्हणाली.

डास म्हणजे बाबांचा जुना कॉम्प्युटर, ते कामाला होते त्या पंपहाउसच्या कचेरीने मोडीत काढलेला. त्याच्या पोटातल्या बारक्या स्पीकरला एका वेळी एकच सूर काढता यायचा. आई पियानो शिकवायची. मी नऊ वर्षांची असताना आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पियानो जिन्याच्या वळणावर अडला तो अडलाच. शेवटी तो एका शाळेला दिला, आणि पुढे शाळेनेही तो मोडून टाकला.

घर बदलण्याआधी महिनाभर बाबांनी आईची आवडती रचना कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती. प्रत्येक सुराला एक ओळ, ओळीत दोन आकडे: सेकंदाला किती कंपनं, आणि किती वेळ. दोन हातांचं वाजवणं एका सुरात मावावं म्हणून उजव्या हाताच्या दोन सुरांच्या मध्ये डाव्याचा एक सूर हळूच सरकवलेला.

"हा कसला डास पाळलाय?" आईने तेव्हा विचारलं होतं.

"डास खरा, पण तुझ्याच घरचा आहे, मास्तरीणबाई."

मी माळ्यावरून यंत्र काढलं, पुसलं, फ्लॉपी घातली. चालू झालं! आईला ऐकवण्याआधी सहज आतल्या ओळी उघडून पाहिल्या. जिथे चारशे चाळीस हवेत तिथे चारशे एकतीस होते. मला हसू आलं. बाबांना सुराचं अंग नव्हतंच. ते शिट्टी वाजवायला लागले की आई खिडकी लावून घ्यायची. पुढे पाहिलं तर रचनेतल्या चौतीस वेगवेगळ्या सुरांपैकी एकही पुस्तकातल्या आकड्याशी जुळेना. कुठे नऊने कमी, कुठे चारने. मी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली. सूत्र पाठ होतं. दोन तासांत सगळे आकडे दुरुस्त केले आणि त्याच फ्लॉपीवर, त्याच नावाने साठवले. बाबांचं राहिलेलं काम आपण पुरं केलं असं वाटून जरा छानही वाटलं.

रविवारी दुपारी आई खुर्ची ओढून यंत्रासमोर बसली. केस नीट विंचरून आली होती. मी बटण दाबलं. दहा-बारा सूर झाले असतील, तिने माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणाचा आहे?"

"बाबांचाच. थोड्या चुका होत्या, त्या काढल्या."

"कसल्या चुका?"

मी सांगितलं. चारशे एकतीसही सांगितला, हसत. आई हसली नाही.

"अगं शहाणे," ती हळू आवाजात म्हणाली, "तो माझा पियानो होता."

मग तिने सांगितलं. बाबांना सूर कळत नसे, पण थरथर कळायची. पंपहाउसमध्ये दोन पंप जवळजवळ सारख्या वेगाने फिरायला लागले की घरघर लाटेसारखी वरखाली होते. वेग जुळला की लाट थांबते. आई एक पट्टी दाबून धरायची, बाबा कॉम्प्युटरचा आकडा एकेकाने बदलायचे, लाट थांबेपर्यंत. "रोज तू शाळेत गेलीस की दोन-तीन पट्ट्या व्हायच्या. माझी बोटं दुखायची. म्हटलं, पुस्तकातले आकडे घाला की. तर म्हणाले, नवा जिना मी मोजलाय; अडकणार तो तुझा पियानो, पुस्तकातला नाही."

तो पियानो बरीच वर्षं कुणी जुळवलेला नव्हता. प्रत्येक तार आपापल्या मर्जीने सैल पडली होती, त्यामुळे त्या आकड्यांना सूत्र नव्हतं. बरोबर आकडा मला कधीही काढता आला असता, तो चुकीचा मात्र नाही. फ्लॉपी एकच होती. बाबांच्या वह्या, खोके, खिसे, सगळं मी संध्याकाळपर्यंत उपसलं. कागद नव्हता.

"एक तर आहे ना," आई म्हणाली. "हसलीस तो."

मी चारशे एकतीस घातला आणि तेवढी एकच ओळ वाजवली. आईने डोळे मिटले. तिचा उजवा हात मांडीवर जरा उचलला गेला.

"हो, हाच."

मग आम्ही बाकीचे शोधायला बसलो. मी शेजारचा सूर लावायची, ती सांगायची.

"खाली. अजून खाली. थांब... नाही, वर घे."

पहिल्याला पाऊण तास लागला. दुसऱ्याला तिने तीनदा 'हाच' म्हटलं, तिन्ही वेळा आकडा निराळा. तिसरा चालू असताना तिने मान हलवून मला थांबवलं.

"आई?"

"तू जो वाजवशील तोच आता मला बरोबर वाटायला लागलाय." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बंद कर. ऐकत बसले तर उरलंय तेही जाईल."

"मला माफ..."

"असू दे गं. ह्यांनी तरी कुठे सांगितलं होतं तुला?" ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली, आणि दारातून वळली. "तू हसलीस तो पहिला एकदा लाव. मग बंद कर."

मी लावला. अर्ध्या सेकंदाचा सूर, वाजला न वाजला तोच संपला.

"एवढाच?"

शेजारचा वेळेचा आकडा वाढवला असता तर तो मिनिटभरही वाजला असता. माझं बोट कीबोर्डवर गेलंही. मग मी ते मागे घेतलं.

"एवढाच आहे," मी म्हणाले.