आईच्या जागेवर बसलेला सबवूफर

मी सबवूफर. बोलतोय म्हणायचीही मला लाज वाटते, कारण शब्द माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत. माणसांचं बोलणं बाकीचे स्पीकर सांभाळतात. माझ्याकडे फक्त गडगडाट, ठोके आणि स्फोट.

ताईला वाटलं होतं, मी घरात आलो की बाबांचा चेहरा उजळेल. प्रत्यक्षात आठव्या दिवशी बाबा सिनेमा अर्धा टाकून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

बाबांनी चौतीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात पत्रे ठोकले. "कान तिथेच जमा करून आलोय," असं ते हसत सांगतात. ताई लांब कुठेतरी आवाजाचं शास्त्र शिकून नुकतीच परतली होती. दुकानात तिने मला पाहिलं. बारा इंची, ऐटबाज.

"ऐकणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"बाबा. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठाच द्या. निदान छातीत तरी जाणवेल."

"हा उघड्या मैदानावरचा गडी आहे, ताई. त्यांना नेमकं काय ऐकू येत नाही, ते विचारून तरी या."

"अहो काका, मी हेच शिकून आलेय!"

मी तेव्हा छाती फुगवली होती. आज आठवलं की खोक्यात तोंड लपवावंसं वाटतं.

घरी तिने मला बाबांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत कोपरा न् कोपरा ऐकत फिरली. जिथे माझा आवाज चांगला लागेल, ती माझी जागा; आमच्यात जागा अशीच ठरवतात. बाबा पेपर घेऊन दारात उभे.

"एवढी शिकलीस आणि परत रांगायला लागलीस?" आई म्हणाली.

जागा सापडली ती खुर्चीच्या उजव्या हाताला. तिथे आईचं स्टूल होतं. ताईने ते उचलून खिडकीपाशी ठेवलं. आई तिथे जाऊन बसली.

त्या संध्याकाळी सिनेमा सुरू झाला आणि आई सवयीने खिडकीपासूनच म्हणाली, "अहो, हा मेला खोटं बोलतोय हं!" बाबांचा उजवा कान थोडाफार शाबूत. इतकी वर्षं सगळे संवाद ती त्या कानात सांगत आली होती, पदरचं तिखटमीठ लावून. पण मी घुमलो आणि तिचं वाक्य अर्ध्यातच बुडालं.

"भारी!" बाबा ताईला म्हणाले. "खुर्चीसुद्धा हलते." पुढे रोज तेच म्हणत राहिले.

आठव्या दिवशी पडद्यावर एक म्हातारा लेकीला निरोप देत होता. संगीताखाली माझी घरघर चालूच. आई उठली, माझ्यावरून वाकून बाबांच्या कानाशी गेली.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं. तिने सांगितलं. "काय?" तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र ती म्हणाली, "काही नाही हो, असंच." बाबा उठून गेले.

ताईने सिनेमा थांबवला आणि त्यांच्या मागोमाग गेली.

"बाबा, आवडलं नाही का?" तिने मोठ्याने विचारलं.

"आवाज पोटात येतो गं, कानात नाही. जाड आवाज मला आधीही यायचे. बोलणं येत नाही. ते तुझी आई पोचवायची."

"मग आठ दिवस भारी, भारी का म्हणालात?"

"तू एवढी रांगलीस. कसं सांगू?" मग म्हणाले, "तुझा फोन यायचा ना लांबून, तेव्हाही मी नुसतं 'हो, हो' म्हणायचो."

ताई तिथेच फरशीवर बसली. अशा कानांना आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि उरलंसुरलं बोलणं जाड घरघर झाकून टाकते, हे तिच्या पुस्तकात होतं. तिला ते पाठ होतं. विचारायचं तेवढं राहिलं होतं. आणि मी? घरातल्या सगळ्यात चांगल्या जागेवर बसून एका बाईचा आवाज बुजवत होतो.

आता मी दाराशी आहे, वायर गुंडाळलेली. मैदानात सिनेमा दाखवणारे लोक मला न्यायला येणार आहेत. माझ्यासारखा कुणी निवडायला निघालात, तर खोली नंतर मोजा. आधी ऐकणाऱ्यापाशी बसा.

ताई आज सकाळी तशीच बसली, बाबांच्या उजव्या बाजूला. काही तरी म्हणाली. बाबांना कळलं नाही. मग तिने एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "अकरा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. तिथे तुम्ही आणि आई बोला. मी नुसती ऐकणार आहे."