नाखव्याने आणलेलं कवच

महमूद मूळचा दाभोळचा. आखातातल्या मत्रह बंदराच्या बाजारात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. २०१४च्या जानेवारीत सूर बंदरातला जमाल नाखवा गोणपाटात गुंडाळून एका कासवाचं कवच घेऊन आला. हातभर लांब, मानेकडे खोगिरासारखं वर उचललेलं, आणि इतकं पातळ की उजेडाकडे धरलं तर पिवळसर दिसे. महमूद भाळलाच. "असं अजून मिळालं तर आण, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस," त्याने जमालला बजावलं.

चार दिवसांनी आकांक्षा दुकानात आली. जवळच्याच कुरुम भागातल्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. कवच बघून ती थबकलीच.

"महमूदभाई, ही दूर समुद्रातल्या बेटांवरची, जमिनीवर राहणारी कासवं. दोनशे वर्षांपूर्वी संपली. जहाजवाले खायला म्हणून जिवंतच भरून न्यायचे. महिनोन् महिने उपाशी जगतात ना, म्हणून. आता म्युझियममध्ये दोन-चार कवचं असतील, बस."

"म्हणजे माल जुना, अस्सल!" महमूद खूश झाला.

तिने कवच उलटं केलं. आतल्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. तिने नखाने खरवडलं, बोट नाकाशी नेलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे जुनं नाहीये. याला अजून मांस चिकटलंय."

 महमूदने तिथूनच जमालला फोन लावून कवच कुठून आणलं ते विचारलं.

"एका बेटावर नऊ होती," जमाल मजेत म्हणाला. "पाण्यासाठी थांबलो होतो. आठ खाल्ली, त्यातलं एकच कवच अख्खं राहिलं. एक मादी बोटीवर बांधून ठेवलीय. तुला देतो, इन्शाल्ला."

"तिला हात लावू नकोस! मी निघालोच."

दुकानाचं शटर ओढून दोघं गाडीत बसले. सूर दोन तासांवर होतं. महमूदने मध्ये तीनदा फोन लावला. जमालने उचलला नाही.

ते धक्क्यावर पोचले तेव्हा खलाशी बोटीचा डेक धूत होते. लालसर पाणी फळ्यांमधून समुद्रात गळत होतं. कठड्यावर दुसरं कवच वाळत घातलेलं होतं.

"जिवंत नेलंस तर पोलीस अडवतील," जमाल हसत पुढे आला. "म्हणून तुझ्यासाठी साफ करून ठेवलं. पोटात अंडीही होती. पोरांनी उकडली."

आकांक्षा डेकवरच्या पातेल्याकडे धावली. आत नुसती टरफलं होती.

"कुठलं बेट?" महमूदने कसंबसं विचारलं.

"ते कशाला सांगू? परवा परत जातोय. झुडपांत अजून असतील एखाद-दोन. तू म्हणालास ना, अजून आण?"

"नकोत मला! खलास! तिकडे जाऊच नकोस."

जमालचं हसू मावळलं. त्याने कठड्यावरचं कवच उचलून काखेत मारलं.

"दुबईचा एक जण कालच विचारत होता," तो म्हणाला, आणि खलाशांना परवाच्या फेरीसाठी बर्फ चढवायला सांगून केबिनमध्ये निघून गेला.